साथीच्या दिवसांतले भाड्याचे घर

साथ आली की माणसाने कुठे असावे, हा प्रश्न कोरोनाने जन्माला घातलेला नाही. हिजरी सन 18 मध्ये हजरत उमर (रजि.) शाम देशाकडे निघाले होते. वाटेत सर्ग या ठिकाणी त्यांना कळले की पुढे प्लेग पसरला आहे. सोबतच्यांत दोन मते पडली. अखेर खलिफांनी परतण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अबू उबैदा (रजि.) यांनी त्यांना विचारले की अल्लाहच्या तकदीरपासून पळता का? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा, की आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच चाललो आहोत. दरीच्या एका बाजूला हिरवे कुरण आणि दुसऱ्या बाजूला उजाड माळ असेल, तर उंट कुठेही चारला तरी तो तकदीरप्रमाणेच चारला जातो. मग अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली : जिथे साथ आहे तिथे जाऊ नये, आणि आपण राहतो तिथे साथ आली तर तिथून पळ काढू नये.

2020 मध्ये हा प्रसंग आपल्या समाजात मोबाईलवरून इतका फिरला की पोरासोरांनाही पाठ झाला. पण सांगणारे बहुधा इथेच थांबत. पुढचा भाग असा आहे की ज्यांनी तो प्रश्न विचारला होता, ते अबू उबैदा नंतर त्याच साथीच्या मुलखात आपल्या सैन्यासोबत होते. खलिफांनी त्यांना काही निमित्ताने मदिनेला बोलावून घेण्याचा प्रयत्न केला. बोलावण्यामागचा हेतू त्यांनी ओळखला, आपल्या माणसांना सोडून येण्याबद्दल माफी मागितली आणि त्याच साथीत त्यांचा इंतकाल झाला. एकाच साथीत एक थोर माणूस मागे फिरला, दुसरा जागीच राहिला. आपण दोघांनाही बरोबर मानतो. मग बरोबर काय, हे ठरवायचे तरी कसे?

हा प्रश्न आमच्या घरात पुस्तकातून आला नाही. मुंब्र्यात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत आम्ही आठ माणसे. 22 मार्चच्या जनता कर्फ्यूपासून तिथेच होतो. रमजानच्या तरावीह घरात झाल्या, 25 मेची ईद घरात झाली. जुलैमध्ये खालू गेले, त्यांना स्वयंसेवकांनी दफन केले आणि आम्ही कब्रस्तानच्या फाटकाबाहेर उभे राहून हात उचलले. दादीचे वय अठ्ठ्याहत्तर. तिने ऑक्टोबरात बोलणे कमी केले, मग जेवण कमी केले. एवढेच म्हणायची की एकदा समुद्र दाखवा, मग हवे ते होवो.

आमचे मूळ गाव श्रीवर्धन तालुक्यात. तिथे घर आहे, म्हणजे भिंती आहेत. 3 जूनच्या निसर्ग वादळात कौले उडाली, वासे उघडे पडले. कुवेतमधल्या चाचांचा पगार त्या वर्षी अर्ध्यावर आला होता, त्यामुळे छप्पर राहूनच गेले. जिल्ह्याबाहेर जाण्याचा ई-पास 2 सप्टेंबरपासून बंद झालाच होता. नोव्हेंबरात पाच दिवसांसाठी त्याच पट्ट्यात एखादे घर भाड्याने घ्यावे असे ठरले. दोन मालकांना फोन केले. आधी तारखा मोकळ्या होत्या, नाव सांगितल्यावर भरल्या. त्या खरोखरच भरल्या असतील, असे म्हणू. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवणारे लोकही होतेच. दिल्लीच्या मरकजवरून उठलेल्या त्या गदारोळात परदेशी तबलिगींवर इथे जे गुन्हे दाखल झाले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्टमध्ये रद्द केले. पण निकाल गल्लीपर्यंत पोचायला वेळ लागतो. तिसऱ्या मालकाने नाव विचारलेच नाही, आगाऊ रक्कम तेवढी विचारली. त्याच्या जाहिरातीत लिहिले होते : संपूर्ण एकांत, कोणाशीही संपर्क नाही.

निघायचे ठरले आणि अब्बा म्हणाले, मी येत नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक म्हातारे शिंपी आणि त्यांची बीवी राहतात. मुलगा त्या वेळी कोविडच्या दवाखान्यात, म्हातारीला दम्याचा त्रास. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळीच येते. त्या वेळात पिंप भरले नाही तर दिवसभर कोरडे. महिनाभर त्यांचे पिंप अब्बा भरत होते, दाराशी औषधे ठेवत होते. आम्ही म्हणालो, दुसऱ्या कुणाला तरी सांगू. अब्बांनी विचारले, कुणाला? आम्ही नावे घेऊ लागलो. एक घर गावी गेलेले, एक क्वारंटाइनमध्ये, एक जण दारच उघडत नसे. यादी संपली.

इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये साथीच्या गावातून न पळण्याच्या शिकवणीचे कारण शोधले आहे. ते केवळ रोग दुसरीकडे नेण्याच्या भीतीवर थांबत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की धडधाकट माणसांना जायची मुभा दिली तर गावात फक्त आजारी उरतील. त्यांना पाणी पाजणारा, घास भरवणारा कोणी राहणार नाही आणि ते रोगाआधी त्यानेच मरतील. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचे हे म्हणणे. अब्बांनी ते वाचले नव्हते. त्यांना नळाची वेळ माहीत होती.

या कारणाकडे नीट पाहिले की मघाचा प्रश्न थोडा सुटतो. जाणे वाईट की राहणे वाईट, असा तो उरत नाही. आपल्या जाण्याने कुणाचे पाणी तुटते, असा होतो. उमर (रजि.) वाटेत होते, त्या मुलखात ते शिरले असते तर सोबतचेही धोक्यात आले असते, त्यांनी मागे फिरण्याने तिथल्या कोणाचा आधार गेला नाही. अबू उबैदांनी निघण्याने सैन्याचा गेला असता.

गंमत म्हणजे हाच निकष एका इटालियन पुस्तकातही सापडतो. 1348 मध्ये फ्लॉरेन्समध्ये प्लेगने कहर केला, त्यावर बोकाचिओने 'डेकॅमेरॉन' लिहिले. सात तरुणी आणि तीन तरुण शहराबाहेरच्या हवेलीत जाऊन राहतात, बागेत बसून एकमेकांना गोष्टी सांगतात. साथीतल्या सहलीचे याहून प्रसिद्ध वर्णन जगात नसेल. निघण्यापूर्वी त्यांच्यातली थोरली पाम्पिनेआ बाकीच्यांना समजावते की आपण कोणाला टाकून जात नाही आहोत. आपली माणसे मेली किंवा पळाली, उलट आपल्यालाच मागे टाकले गेले आहे. म्हणजे तिलाही जबाब द्यावासा वाटला, आणि तोही याच प्रश्नाचा.

पण त्या हवेलीत दहाच माणसे नव्हती, हे आपण विसरतो. त्यांच्याबरोबर चार दासी आणि तीन नोकर होते. पहिल्याच दिवशी कामे वाटून दिली जातात : स्वयंपाक कोणी करायचा, खोल्या कोणी आवरायच्या. आणि हुकूम होतो, की बाहेरून आनंदाची नसेल अशी कुठलीही बातमी नोकरांनी आत आणू नये. म्हणजे बाहेर जाणे, बाहेरचे आणणे हे नोकरांकडेच होते. त्यांची घरची माणसे जिवंत होती की मेली, हे त्या शंभर गोष्टींत कोणी विचारत नाही.

आपल्याकडेही तेच. 1896 च्या अखेरीस मुंबईत प्लेग आला आणि लाखो लोक शहर सोडून गेले. त्या वेळी पालिकेला सगळ्यांत मोठी धास्ती होती ती हलालखोर निघून जातील याची. मैला उचलणाऱ्यांना तेव्हा सरकारी कागदांतही हेच नाव होते. हलालखोर, म्हणजे हक्काची, हलालची रोटी खाणारा. ते गेले असते तर शहरात राहणे अशक्य होते. शेटजी माथेरानला गेले काय, न गेले काय, शहराचे काही अडत नव्हते.

तर आम्ही गेलो, अब्बांशिवाय सात जण. चाचणी करून, वाटेत कुठे न उतरता. बंगला एका जुन्या सुपारीच्या वाडीत होता. वाडी म्हणायला, कारण वादळाने निम्मी झाडे आडवी केली होती. श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला. नवे रोप लावले की सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. मालक मुंबईत. बंगला सांभाळणारे कुटुंब मागच्या बाजूला एका खोलीत राहत होते : नवरा, बायको, दोन मुले आणि त्याची आई, जवळजवळ आमच्या दादीच्याच वयाची. त्यांना महिन्याचा पगार नव्हता. पाहुणे आले की दिवसाचे पैसे. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पाहुणे नव्हते.

जाहिरातीतला 'संपूर्ण एकांत' म्हणजे काय, ते पहिल्याच सकाळी कळले. मालकाने त्यांना ताकीद दिली होती की पाहुण्यांसमोर यायचे नाही. चहाची किटली पडवीच्या कठड्यावर ठेवून तो लांब जाई आणि हाक मारी. आम्ही आत गेलो की तो येऊन भांडी नेई. आम्हाला रोगापासून वाचवण्यासाठी हे होते. पण वस्तू लांब ठेवायची, माणसाने दूर व्हायचे, मग दुसऱ्याने पुढे व्हायचे, ही रीत या मातीत रोगासाठी निघालेली नाही. ती कुणाला लागू होती आणि किती शतके, हे मराठी वाचकाला सांगायला नको. म्हणूनच 'सामाजिक अंतर' हा त्या वर्षी रुळलेला शब्द आम्हाला कधी पचला नाही. अंतर शरीरात ठेवायचे होते.

त्यातही खरा धोका कोणाला होता? शहरातून आम्ही आलो होतो. आमच्यानंतर दुसरे येणार, त्यांच्यानंतर तिसरे. आमचा एकांत पाच दिवसांचा आणि त्याचे शेजार वर्षभराचे, दर आठवड्याला नव्या माणसांचे. त्याच्या घरात म्हातारी होती. मे महिन्यात याच गावाच्या वेशीवर बांबू आडवे बांधले होते. मुंबईहून परतलेल्या गावच्याच पोरांना, स्वतःच्या घराच्या हाकेवर, शाळेत चौदा दिवस ठेवले होते. त्याच महिन्यात गावी चालत निघालेले सोळा मजूर औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर मालगाडीखाली गेले. आणि नोव्हेंबरात आम्हाला, जे त्या गावचे नव्हतो, कोणी अडवले नाही, कारण आम्ही भाडे दिले होते.

यावर घरातल्या तरुणांचे उत्तर तयार होते : त्याला पैसे हवे आहेत, आपण देतो आहोत, तो राजी आहे. आपल्या फिक्हमध्येही व्यवहाराला दोन्ही बाजूंची रजामंदी लागते आणि ती इथे होती. हे उत्तर खोटे नाही. आम्ही आलो नसतो तर त्याची म्हातारी त्या आठवड्यात अधिक सुरक्षित असती आणि अधिक उपाशी. सहा महिने चूल मंद जळाल्यावर दिलेली रजामंदी किती वजनाची, हे त्याला विचारूनही कळणार नाही. कारण तो हो म्हणणारच. ते विचारायचे कुणाला?

अम्मीने तिच्या परीने एक तोड काढली. त्याच्या बायकोने आत येऊ नये, स्वयंपाक आम्ही करू, पैसे मात्र पूर्ण देऊ. अम्मीला वाटले ती खूश होईल. ती अंगणातूनच म्हणाली, "काम नाही तर पैसे कशाचे? आम्ही मागितले का?" मजुरी आणि खैरात यांतला फरक तिला कोणत्या आलिमाने शिकवला नव्हता. शेवटी असे ठरले की बाजार, मासे साफ करणे आणि तांदळाच्या भाकऱ्या तिच्याकडे. भाकऱ्या ती मागच्या चुलीवरच भाजे. त्या आमच्यापेक्षा चांगल्या होत, हे दादीने मोठ्याने सांगितले.

दादीने पडवीचा नियम पहिल्याच दिवशी मोडीत काढला. उघड्या अंगणात खुर्ची मागवून बसली, तोंडावर ओढणी. त्याच्या आईला तिच्या उंबऱ्यावर बसायला सांगितले. मध्ये दहा-बारा हात. कानांनी दोघी अधू, त्यामुळे गप्पा साऱ्या वाडीला ऐकू जात. कुणाच्या छपराचे काय झाले, किती माड गेले, पंचनाम्याला कोण आले आणि कोण नाही. दादीचे माहेर कळल्यावर त्या म्हातारीने तिच्या भावाच्या होडीचे नावसुद्धा सांगितले. समुद्र आम्ही रोज संध्याकाळी दाखवला. दादी पाच मिनिटे पाहायची आणि म्हणायची, चला, ती वाट बघत असेल.

अब्बांचा फोन रोज येई. शिंपीचाचांचा मुलगा चौथ्या दिवशी घरी आला.

2021 च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट चढत असताना मालकाचा संदेश आला. पुन्हा संपूर्ण एकांत, सात दिवस घेतल्यास सवलत. आम्ही गेलो नाही. मुंब्र्यात त्या वेळी ऑक्सिजनचे सिलिंडर शोधत फिरत होतो. मध्ये एकदा त्याला फोन केला. म्हणाला, पाहुणे आहेत, शहरातले दोन कुटुंब, महिनाभर राहणार. दादीने फोन हातात घेऊन त्याच्या आईला द्यायला सांगितले. तो म्हणाला, आई इथे नाही, तिला धोका नको म्हणून माणगावला बहिणीकडे ठेवली आहे. दादीने विचारले, तिथे घर केवढे आहे? दोन खोल्या, तो म्हणाला, माणसे नऊ.