श्वासाचे यंत्र आणि सेवेचे हात



घरचे म्हातारे माणूस दवाखान्यात श्वासाच्या यंत्रावर असते. 'पुढे काय करायचे?' असे डॉक्टर विचारतात. मुलगा गोंधळतो. नाही म्हटले तर लोक काय म्हणतील?

यंत्र फुप्फुसांचे काम करते, तेवढ्यात औषधाला वेळ मिळतो. ते स्वतः रोग बरा करीत नाही. म्हणून आधी विचारा, बरे होण्याची आशा आहे काय? असेल तर धीर सोडू नका. नसेल तर अनित्यता ओळखा. यंत्र थांबविणे म्हणजे माणूस टाकणे नव्हे. सेवा थांबविणे म्हणजे टाकणे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळल्या. २०१५ पर्यंत, ४२ वर्षे, त्यांना जगविले ते प्रामुख्याने भरविणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या परिचारिकांच्या हातांनी. तथागतांनीही आजारी भिक्खूला स्वतः धुतले होते.

आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला. दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही घ्या. वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळे तपासणी करूनच निर्णय देतात. आज घरात बसून बोला. मुलांवर अपराधाचे ओझे ठेवून जाऊ नका.

नमो बुद्धाय!