न पाहिलेल्या पक्ष्याविषयीं साक्ष

जें आपण डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, तें दुसऱ्याच्या सांगण्यावरून कितपत मानावें? आणि सांगणारा अडाणी असेल, तर त्याच्या शब्दाचें वजन कमी धरावें काय? हा प्रश्न गांवच्या पंचांपुढें नित्य येतो. एकदां तो डोडो नांवाच्या पक्ष्याविषयीं मोठमोठ्या पंडितांपुढेंही आला.

मॉरिशस बेटावर (तेथें आपल्या कोंकणांतून गेलेल्यांचे वंशज आजही राहतात) सन १५९८ त डच खलाशी उतरले. हंसाएवढा, आंखूड पंखांचा, उडतां न येणारा पक्षी त्यांनीं तेथें पाहिला. पीटर मंडी नामक इंग्रज प्रवाशानें पुढें हिंदुस्थानांत सुरतेस असे दोन पक्षी पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. डोडो जमिनीवर अंडें घाली. जहाजांतून आलेल्या उंदीर, डुकरें व माकडें यांनीं त्याचा वंश राहूं दिला नाहीं. सन १६६२ नंतर तो पाहिल्याची खात्रीची बातमी नाहीं.

ऑक्सफर्ड येथें पेंढा भरून ठेविलेल्या एका डोडोचें पुढें मस्तक व एक पाय एवढेंच उरलें. तेव्हां कित्येक म्हणूं लागले, "हा खलाशांचा बनाव नसेल कशावरून?" शंका घेणें हा दोष नव्हे. साक्षींत मेळही नव्हता. रंगाविषयीं एकाचें एक, तर दुसऱ्याचें दुसरें. परंतु तपशिलांत फरक असणें निराळें आणि खोटें असणें निराळें. सर्वांचें बोलणें अक्षरशः जुळतें, तर मला अधिकच संशय आला असता! खलाशांस लबाड ठरविण्यास खरें कारण इतकेंच कीं, ते खलाशी होते.

सन १८४८ त स्ट्रिकलंड व मेलविल यांनीं जुने लेख आणि उरलेलीं हाडें ताडून पाहून, हा पक्षी खरा व पारव्याच्या कुळांतला, असें दाखविलें. (निकोबारी पारवा हा त्याचा जवळचा आप्त, असें २००२ सालीं ठरलें.) मग सन १८६५ त मॉरिशस येथील जॉर्ज क्लार्क नामक शाळामास्तरानें मार ओ सोंज ह्या दलदलींत मजूर उतरविले. त्यांनीं पाण्याखालचा चिखल अनवाणी पायांनीं चांचपला, आणि हाडांवर हाडें वर आलीं. लंडनचे विद्वान रिचर्ड ओवेन यांनीं तीं प्रथम एका जुन्या चित्राच्या रेषांत बसविलीं, म्हणून पक्षी फारच बसका दिसला. ती चूक त्यांनीं सन १८७२ त सुधारली. पंखांचीं हाडें मात्र खलाशांनीं सांगितल्याप्रमाणें आंखूडच निघालीं.