आधी ती पिशवी ओत

हवालदार, बस. चहा नंतर. आधी ती पिशवी टेबलावर ओत.

बँकेतून आल्या आल्या तू पारावर काय बोललास ते माझ्या कानावर आलंय. चोवीस वर्षं देशासाठी घातली आणि कालचं पोरगं मला कर्ज नाकारतं, फौजीला किंमत राहिली नाही. चार जणांनी माना डोलावल्या. मी तिथं असते तर मान डोलावली नसती. तुला मी पाचवी ते सातवी गणित शिकवलंय. उत्तर चुकलं की तू तेव्हाही पाटीलाच दोष द्यायचास.

फौजीची किंमत काय असते ते मला सांगू नकोस. हा सातारा जिल्हा आहे. अपशिंग्यासारखं घरटी फौजी असलेलं गाव इथून काही लांब नाही. मी ज्यांना उजळणी शिकवली त्यातले कितीतरी जण बेळगावच्या सेंटरमध्ये भरती झाले, आणि दोघं तिरंग्यात गुंडाळून परत आले. तुझ्या नोकरीचा मला अभिमान आहे, म्हणूनच हे बोलते आहे. दुसऱ्या कुणाला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

हे कागद बघ. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, ओळखपत्र, गाडीच्या हप्त्याचा तक्ता, कसलीशी चिठ्ठी, आणि या सगळ्यात लाइट बिलं. बूट चमकवल्याशिवाय तू कधी परेडला उभा राहिला नसशील. रायफल रोज उघडून, तेल लावून, मोजून परत करायचास. आणि घरासाठी वीस वर्षांचं कर्ज मागायला ही पिशवी घेऊन गेलास?

बँकेने तुझी सेवा नाकारलेली नाही. बँकेने एक वजाबाकी केली. तीच आता तू माझ्यासमोर कर. पेन्सिल घे.

मूळ पेन्शन २२,०००. त्यातली निम्मी तू विकलीस, राहिली ११,०००. महागाई भत्ता विकलेल्या पेन्शनवरही मिळतो, म्हणजे पूर्ण बावीस हजारांवर. तो ५५ टक्क्यांनी धर. १२,१०० झाले. एकूण २३,१००. हप्त्यांसाठी बँका साधारण निम्मं उत्पन्न मोकळं धरतात, म्हणजे ११,५५०. आता तुझ्या गाडीचा हप्ता वाच. ११,२००. वजा कर.

साडेतीनशे रुपये.

साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांच्या मुदतीत, लाखाला हप्ता बसतो ८६८ रुपये. साडेतीनशेच्या हप्त्यात चाळीस हजारांचं कर्ज मावतं. तू मागितलेस पंचवीस लाख. त्या पोराने तुला हाकलून दिलं नाही, नीट बसवून समजावून सांगितलं. आणि तू गावात येऊन त्यालाच शिव्या दिल्यास.

आता म्हणशील, पेन्शन तर सगळेच विकतात. विकू दे. फौजेत पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग विकता येतो आणि पंधरा वर्षांनी तो परत सुरू होतो. तो तुझा हक्क आहे, त्यात गैर काही नाही. मी विचारते आहे ते त्या पैशांचं. बारा लाखांच्या आसपास तुझ्या हातात एकरकमी आले. वर ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचा पगार, ग्रुप इन्शुरन्सचे पैसे. एवढी रक्कम तुझ्या वडिलांनी उभ्या जन्मात एका ठिकाणी पाहिली नव्हती. त्यातले बारा लाख घरात घातले असतेस तर आज पंचवीस लाख मागायची वेळच नव्हती, तेरा पुरले असते. नाहीतर पेन्शन विकायचीच नव्हती. तीही वजाबाकी कर, सोडणार नाही मी तुला. पूर्ण पेन्शन आणि भत्ता मिळून ३४,१००. आता जी चौदा हजारांची सिक्युरिटीची नोकरी करतोस ती धरून ४८,१००. निम्मे २४,०५०. पंचवीस लाखांचा हप्ता २१,७००. बसतोय. गाडी नसती आणि पगार खात्यात येत असता तर तुझं कर्ज तुझ्या स्वतःच्या पेन्शन-पगारावर ताठ मानेने मंजूर झालं असतं. पैसे गेले कुठे ते तुझ्या दारातच उभं आहे. डिझेल परवडत नाही म्हणून आठवड्यातून एकदा फिरवतोस. उरलेले यात्रेच्या वर्गणीत आणि पुतण्याच्या लग्नाच्या मांडवात गेले. फौजीकडे पैसा आलाय म्हटल्यावर लोक मागणारच. नाही म्हणायला तुझी जीभ का रेटत नाही?

आणि ती चौदा हजारांची नोकरी. पगार कसा मिळतो? पाकिटात. मग बँकेच्या दृष्टीने ती नोकरी नाहीच. खात्यात न आलेला पगार कुठला साहेब मोजेल? आजच त्या एजन्सीला सांग, पगार खात्यात आणि पगारपत्रक हातात. देत नसतील तर दुसरी नोकरी बघ. मेस्को माजी सैनिकांना हेच काम कागदोपत्री देते, तिथे नाव घालायला तुला कुणी अडवलंय?

हा दुसरा कागद. बँकेने काढलेला सिबिलचा रिपोर्ट. ३०० ते ९०० मधले ५८७ गुण. वर्गात तू कधी एवढा खाली गेला नव्हतास. तू म्हणतोस, बाई, गाडीचा एक हप्ता चुकवलेला नाही. खरं आहे, रिपोर्टमध्ये तसंच दिसतंय. पण खाली बघ. ट्रॅक्टरचं कर्ज, नाव मित्राचं, जामीनदार तू. त्याने सात हप्ते थकवले. जामीन म्हणजे नुसती सही, असं तुला वाटलं. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. मित्र चुकला की तू चुकलास. हा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, हे फौजेत कुणी सांगितलं नसेल, मान्य. पण सही करण्याआधी कागद वाचायचा, हे मी सांगितलं होतं. सातवीत. फळ्यावर लिहून.

आता ही चिठ्ठी. वहीचं फाडलेलं पान, त्यावर बिल्डरची सही, ‘रु. पाच लाख रोख मिळाले’. हे वाचून आज मला रात्रभर झोप लागणार नाही. सोळा फ्लॅटची इमारत आहे, म्हणजे महारेराची नोंदणी सक्तीची. २८ लाखांच्या फ्लॅटवर नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला कायद्याने मनाई आहे. दहा टक्के म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. त्याने पाच घेतले. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायलाही मनाई आहे. आणि तू नोटा मोजून दिल्यास, कारण तो तुला ‘मेजर साहेब’ म्हणाला. दोन शब्दांत पाच लाख! प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक विचारलास? मंजूर नकाशा? मूळ जमिनीच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत? बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो तो काही हौस म्हणून नव्हे. तुझ्या कष्टाचा पैसा बुडू नये हाही त्यात हेतू असतो.

आणि ते अमेरिकेचं काय सांगत होतास पारावर? तिथल्या फौजीला एक पैसा न भरता घर मिळतं, मोबाइलवर पाहिलंस. अर्धं पाहिलंस. तिथं १९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा झाला. पण सरकार बहुतेकांना पैसे देत नाही. कर्ज बँकच देते, सरकार त्यातल्या काही भागाची हमी घेतं. आधी सेवेचा दाखला काढावा लागतो, सेवा किती झाली आणि निवृत्ती कशी झाली ते तपासतात, त्या घरात स्वतः राहायचं बंधन असतं. आणि हप्ता, कर, खर्च वजा जाता घरातल्या माणसांना महिन्याला किती उरतं, हे माणसं मोजून बघतात. म्हणजे तिथल्या फौजीलाही वजाबाकी चुकलेली नाही. आपल्याकडे सैनिकांसाठी म्हणून घरकर्जाच्या व्याजात सरकारचा जो वाटा आहे, तो वीरपत्नी, युद्धात अपंगत्व आलेले, अशांसाठी आहे. तू धडधाकट आहेस. त्या पैशाकडे बघूही नकोस.

हे सगळं निस्तरता येईल. यापुढचं बोलते ते नीट ऐक, कारण मला राग याचा आहे.

हा पीपीओ. यात तुझ्या बायकोचं नाव काय लिहिलंय? सुमन. आधारवर? सुनंदा. जन्मवर्षातही दोन वर्षांचा फरक. तू म्हणतोस, लग्नानंतर नाव बदललं, फौजेच्या नोंदीत तो बदल करणारी पार्ट टू ऑर्डर करायची राहिली. इतकी वर्षं राहिली? दरवर्षी दोन-दोन महिने रजेवर येत होतास. युनिटच्या क्लार्कला एक अर्ज दिला असता तर काम झालं होतं.

परवाच एक बाई माझ्या ओट्यावर येऊन गेली. तिचा नवरा तुझ्यासारखाच, घर बांधायला कर्ज काढलेलं, छातीत कळ येऊन गेला. तिचंही नाव कागदात वेगळं. चौदा महिने ती फॅमिली पेन्शनसाठी फिरते आहे. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, सरपंचाचा दाखला, परत रेकॉर्ड ऑफिस. हप्त्याचे फोन मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू झाले. पिशवी तिच्याकडेही होती. अशीच. कागद दाखवताना तिचा हात थरथरत होता, आणि तिला त्यातला एकही वाचता येत नव्हता. नवरा गेल्यावर पहिली काही वर्षं वाढीव दराने, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते. तिच्या हक्काची ती वर्षं रांगेत चालली आहेत.

तू वीस वर्षांचं कर्ज काढणार. चव्वेचाळीस अधिक वीस, चौसष्ट. सहकर्जदार म्हणून बायकोची सही घेणार. तिची सही चालते, मग तिचं नाव नीट नको? फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर घेतलास तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, २०२१ पासून. अठ्ठावीस लाखांवर अठ्ठावीस हजार. तेही तुला ठाऊक नव्हतं, कारण घराचा विचार करताना ती तुझ्या मनात आलीच नाही. तू सीमेवर होतास तेव्हा सासू-सासऱ्यांचं दुखणं, पोरांच्या शाळा, रोहिणीतली पेरणी सगळं तिने ओढलं. तिच्या नावाचं एक अक्षर नीट करायला तुला सवड मिळाली नाही.

मान खाली घालून काय होणार? वर बघ आणि लिहून घे. गाडी विकायची. आलेल्या पैशातून तिचं कर्ज मिटवायचं आणि बँकेचा ना हरकत दाखला घ्यायचा. मित्राला घेऊन फायनान्स कंपनीत जायचं, थकबाकी भरल्याशिवाय त्याच्या घरून उठायचं नाही. पूर्ण रक्कम भरायची, तडजोडीत कमी करून नको, तो डाग रिपोर्टवर राहतो. बिल्डरला पत्र द्यायचं, पोच घ्यायची: नोंदणी क्रमांक दे, करार नोंदव, नाहीतर पैसे खात्यातून परत कर. ऐकलं नाही तर महारेराकडे तक्रार. अर्ज मी लिहून देते. पगार सहा महिने खात्यात दिसू दे. मग वजाबाकी परत कर. ११,५५० आणि चौदा हजारांचे निम्मे सात हजार, १८,५५०. लाखाला ८६८ ने एकवीस लाख निघतात. वरचे सात लाख आणि मुद्रांक शुल्क तुला घालावं लागेल, कारण तुझ्या हप्त्यात एकवीसच लाख बसतात आणि मुद्रांक, नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. त्यासाठी वर्षभर यात्रेची वर्गणी एकशे एक. कोण काय म्हणतं ते मला येऊन सांग, मी उत्तर देईन.

घर झालं की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून घरपट्टीच्या माफीचा अर्ज करायचा. ती सवलत तुझ्यासारख्यांसाठीच आहे, ती मात्र सोडू नकोस.

पण हे सगळं नंतर. सोमवारी सकाळी साडेआठला इथे ये. एकटा नको, तिला घेऊन ये. तिचा शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नाची पत्रिका आण. रेकॉर्ड ऑफिसचा अर्ज आपण तिघं बसून लिहू, आणि प्रत्येक ओळ तिला मी वाचून दाखवणार आहे. ही पिशवी राहू दे इथंच. फाइल मी आणून ठेवते.

आता घे चहा. निवला असेल.