विक्रेता नसलेले विज्ञान

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया सुरू करण्याआधी गाठीभोवती भुलीचे औषध टोचायचे, सात ते दहा मिनिटे थांबायचे आणि मग गाठ काढायची. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या अकरा कर्करोग केंद्रांत १६०० स्त्रियांच्या बाबतीत एवढीच गोष्ट तपासून पाहिली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्या स्त्रिया इंजेक्शनच्या गटात गेल्या आणि निम्म्या नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या गटात. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी नेहमीच्या गटात शंभरातल्या साधारण ८६ स्त्रिया हयात होत्या. इंजेक्शनच्या गटात ९०. औषध होते लिग्नोकेन, दात काढताना देतात तेच. त्याचा खर्च शंभर रुपयांच्या आत.

शंभरात चार जीव ही कर्करोगाच्या जगात मोठी गोष्ट आहे. एवढा फरक पाडणाऱ्या नव्या औषधांसाठी रुग्णांची कुटुंबे जमिनी विकतात. पण लिग्नोकेनचे पेटंट कधीच संपले आहे. ते कोणीही बनवते आणि कोणीही विकते, त्यामुळे त्याचा नवा उपयोग सिद्ध करण्यात कुणाचाही नफा नाही. ही चाचणी झाली ती सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेतल्या डॉक्टरांना प्रश्न पडला म्हणून, आणि त्या प्रश्नामागे दहा-अकरा वर्षे लागण्याची मुभा त्यांना होती म्हणून. हे निष्कर्ष दुसऱ्या देशांत पुन्हा तपासून पाहायचे असतील तर तिथेही सार्वजनिक पैसाच पुढे यावा लागेल.

उपयोजित संशोधनाबद्दल बोलताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: जे उपयोगी ते विकले जाईल, आणि जे विकले जाईल तेच उपयोगी. प्रयोगशाळांनी आपला खर्च आपण उभारावा, शास्त्रज्ञांनी पेटंटे मिळवावीत, विद्यापीठांतून कंपन्या निघाव्यात, या सगळ्या अपेक्षांच्या मुळाशी हेच गृहीतक आहे. २०१५ मध्ये डेहराडूनला झालेल्या चिंतन शिबिरात सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांसमोर स्वावलंबनाचे उद्दिष्ट ठेवले गेले, तेही याच विचारातून. माझे म्हणणे असे की हे गृहीतक निम्मेच खरे आहे. माणसाच्या सर्वांत जास्त कामी आलेल्या शोधांपैकी कितीतरी शोधांना विक्रेताच नाही, आणि असे शोध लावणे व ते शेवटपर्यंत पोहोचवणे ही समाजाची जबाबदारी आहे.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण कर्करोगापासून खूप दूरचे आहे. साल्विनिया नावाचे पाण्यावर तरंगणारे एक नेचे आहे. त्याला बी धरत नाही; तुकडा तुटला की त्याचेच नवे रोप होते. अनुकूल पाण्यात दोन-तीन दिवसांत त्याचा पसारा दुप्पट होतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया इथल्या तळ्यानद्यांवर पसरले. केरळमध्ये लोक त्याला आफ्रिकन पायल म्हणू लागले. कालव्यांतून होड्या चालेनात, कुट्टनाडच्या भातखाचरांत लावणीआधी ते उपसून काढण्यातच मजुरी जाऊ लागली.

शास्त्रज्ञांनी त्याचा नैसर्गिक शत्रू शोधायला घेतला. १९६० च्या दशकात त्रिनिदाद आणि गयाना इथून कीटक आणले गेले, पण यश आले नाही. कारण हे नेचे दुसऱ्याच एका दक्षिण अमेरिकी जातीचे आहे असे सगळे धरून चालले होते. १९७२ मध्ये डी. एस. मिचेल यांनी ते स्वतंत्र जातीचे असल्याचे दाखवून त्याला साल्विनिया मोलेस्टा असे नाव दिले. मग त्याचे खरे माहेर शोधणे आले. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेच्या संशोधकांना ते १९७८ मध्ये आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले. तिथे त्याच्या अंगावर एक बारीकसा काळा भुंगा होता. १९८० मध्ये तो क्वीन्सलंडच्या मून्डारा जलाशयात सोडला आणि वर्षभरातच जलाशयावरचा हिरवा थर नाहीसा झाला. हा भुंगा आधी वापरलेल्या भुंग्याच्याच जातीचा असावा अशी समजूत होती. पण तोही विज्ञानाला नवा निघाला आणि १९८५ मध्ये त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. त्याच वर्षी या कामाला युनेस्कोचा विज्ञान पुरस्कार मिळाला.

पापुआ न्यू गिनीत हा भुंगा सुरुवातीला तग धरेना. पाण्यात नत्र कमी, म्हणून नेच्यात नत्र कमी, म्हणून भुंग्याची उपासमार. संशोधकांनी तणालाच युरिया घातला. तण पोसले गेले, भुंगे वाढले आणि मग त्यांनी तण संपवले. १९८३ नंतर हाच भुंगा केरळमध्ये सोडला गेला आणि काही वर्षांत बहुतेक कालवे मोकळे झाले.

या कहाणीत मूलभूत संशोधन कुठे संपते आणि उपयोजित कुठे सुरू होते, ते दाखवता येत नाही. नेच्याच्या बीजुककोशांची रचना भिंगाखाली तासन्‌तास पाहणाऱ्या माणसाशिवाय कुट्टनाडचा शेतकरी सुटला नसता. आणि या सगळ्यात विकण्यासारखे काय होते? भुंगा एकदा सोडला की स्वतःच वाढतो आणि पुढच्या तळ्यात जातो. तणनाशक दर हंगामात विकत घ्यावे लागते, भुंगा एकदाच आणावा लागतो. त्याचे यश हेच त्याच्या बाजारमूल्याचा अंत आहे. कुठलीही कंपनी हे काम करणार नव्हती, आणि त्यात कंपनीचा दोषही नाही.

पण शोध सार्वजनिक असला की आपोआप तडीस जातो, असेही नाही. त्याचा पुरावा महाराष्ट्राच्या प्रत्येक पडीक रानात उभा आहे. गाजरगवताची ठळक नोंद १९५५ मध्ये पुण्यात झाली. आज ते देशभर आहे. पिकांची जागा खाते, आणि त्याच्यातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे शेतात राबणाऱ्यांची कातडी जन्मभरासाठी हुळहुळी होते. १९८३ मध्ये मेक्सिकोतून त्याचा भुंगा बंगळुरूला आणला गेला आणि पुढच्या वर्षी सोडला गेला. पावसाळ्यात तो गाजरगवताची पाने चाळण करून टाकतो. पण पाऊस सरला की जमिनीत जाऊन झोपतो, आणि गाजरगवत मात्र कालव्याच्या, बोअरच्या ओलीवर बारमाही उगवत राहते. एकेक झाड हजारो बिया टाकते. मधल्या काळात हा भुंगा सूर्यफुलाची पाने खातो अशी ओरड झाली. तपासणीत असे दिसले की सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे पराग पडलेले असले की तो त्या पानांकडे वळतो. हे कळेपर्यंत प्रसाराचे काम रखडले आणि लोकांच्या मनात भीती बसली ती वेगळीच.

म्हणजे भुंगा एकटा पुरत नाही. फुलावर येण्याआधी उपटणे, मोकळ्या जागेत तरोट्यासारखी दाट वाढणारी झाडे येऊ देणे, भुंग्यांची पैदास तालुक्यातालुक्यात करणे आणि कुठे काय चालले याची वर्षानुवर्षे नोंद ठेवणे, हे सगळे एकत्र लागते. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय दर ऑगस्टमध्ये गाजरगवत जागृती सप्ताह पाळते. हे काम एका सप्ताहाचे नाही हे त्या संस्थेइतके कुणालाच ठाऊक नसेल. उरलेल्या एकावन्न आठवड्यांची जबाबदारी ग्रामपंचायत, पाटबंधारे, रेल्वे, बांधकाम खाते यांपैकी कुणीच आपली मानत नाही. जलपर्णीचेही तेच. इंद्रायणी, पवना, पंचगंगा या नद्यांत ती फोफावते ती शहरांच्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. तिला खाणारे भुंगे भारतात १९८० च्या दशकातच आले आहेत. पण सांडपाणी वाहते आहे तोवर भुंगा काय करणार? जलपर्णी काढण्याच्या यंत्राला ठेकेदार मिळतो, म्हणून यंत्र दरवर्षी येते.

इथे कोणी म्हणेल, सौरऊर्जेकडे पाहा. तिथे बाजारानेच चमत्कार केला. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे. सिलिकॉनची पहिली उपयुक्त सौरघटी १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत तयार झाली. तिची कार्यक्षमता होती सुमारे सहा टक्के आणि किंमत एवढी की ती परवडायची फक्त उपग्रहांना. त्याच काळात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सूर्यचूल तयार केली; ती घराघरांत गेली नाही. दुपारच्या उन्हात बाहेर रांधायचे आणि जेवण मात्र सूर्य मावळल्यावर, हे गणित घरातल्या बाईला कुणी विचारले नव्हते.

गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले गणिती दा. ध. कोसंबी त्या काळात निक्षून सांगत होते की भारतासारख्या देशाने अणुऊर्जेपेक्षा सूर्याकडे वळावे. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमधल्या भाषणात त्यांनी हाच मुद्दा मांडला. ऊन गावोगाव पडते, त्याला खाण लागत नाही, वाहतूक लागत नाही. तेव्हा हे म्हणणे बाजूला पडले. जगात सौरऊर्जेची किंमत उतरली ती पुढची चार-पाच दशके अवकाश संशोधनाने, विद्यापीठांनी आणि सरकारांनी खर्च सोसला म्हणून. जर्मनीने २००० मध्ये कायदा करून सौरविजेला वीस वर्षांच्या दराची हमी दिली, चीनने कारखाने उभारले, आणि मग १९७० च्या दशकाच्या तुलनेत पटलाची किंमत नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घसरली. बाजार आला तो शेवटी. त्याने उत्तम काम केले, पण पेरणी त्याची नव्हती.

आणि आजही जिथे विक्रेत्याचे काम संपते तिथे नवे प्रश्न उभे आहेत. सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी ही फार मोठी गोष्ट आहे; रात्री साप-बिबट्याच्या भीतीत दारे धरायला जाणारा माणूस त्याची किंमत जाणतो. पण ज्या पंपाला चालवण्याचा खर्चच नाही तो भूजल कुठवर उपसेल, हे मोजायचे कुणी? पटल विकणारा ते मोजणार नाही. त्यासाठी गावातल्या विहिरींची पातळी वर्षानुवर्षे टिपणारे, पीकपद्धतीशी तिचा मेळ घालणारे संशोधक हवेत.

आता पुन्हा कर्करोगाकडे, कारण या बाबतीत महाराष्ट्राचे देणे सर्वांत मोठे आहे. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावात जात आणि घरोघरची माहिती घेत. हा पाया होता म्हणून १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक भव्य चाचणी घेता आली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चार गट: एकात एचपीव्ही विषाणूची तपासणी, एकात पेशींची तपासणी, एकात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी आठ वर्षे पाठपुरावा केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

या चाचणीवर टीका झाली, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. तपासणी न मिळालेल्या गटाचे काय, त्या स्त्रियांना संमती देताना सगळे उमगले होते का, हे प्रश्न वैद्यकीय नीतीच्या व्यासपीठांवर विचारले गेले. ज्या ठिकाणी आधी काहीच सोय नव्हती तिथे अशी तुलना करणे किती योग्य, यावर मतभेद राहतील. माझ्या मते या टीकेतून एक निष्कर्ष निर्विवाद निघतो. ज्या स्त्रियांनी स्वतःच्या शरीरावर हा पुरावा उभा करू दिला, त्यांच्या लेकीसुनांना तो परत मिळालाच पाहिजे. तसे झाले नाही, तर प्रयोगाची नैतिक बाजू लंगडीच राहते.

तसे झाले का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली. मराठवाड्यातल्या स्त्रियांनी दिलेला पुरावा अशा रीतीने जगाच्या कामी येतो आहे. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही कधी गर्भाशयमुखाची तपासणी झालेली नव्हती. नेमका आकडा १.९ टक्के. पुण्यात बनलेली एचपीव्ही लस मुलींना वाचवेल, वाचवावीच. पण आज चाळिशीत असलेल्या बाईला तपासणीच हवी, आणि निरोगी बाईची तपासणी हे कुठल्याही रुग्णालयाच्या नफ्याचे काम नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. सार्वजनिक संस्थांचे मूल्यमापन करताना किती पेटंटे मिळाली याच्या बरोबरीने हेही विचारा की कुठले तण किती हेक्टरांवरून हटले, कुठला मृत्यू टळला, कुठल्या विहिरीची पातळी टिकली. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाचा पाऊण टक्काही खर्च करत नाही. त्या तुटपुंज्या रकमेतला मोठा वाटा तरी विक्रेता नसलेल्या कामांसाठी राखून ठेवा. आणि महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने सुरुवात धाराशिव जिल्ह्यापासून करावी: तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीची एकदा एचपीव्ही तपासणी, गावात जाऊन, मोफत, आणि दोष आढळला तर उपचारांची हमी. तपासणीचा उपयोग याच मातीत सिद्ध झाला आहे. आता अंमलबजावणी तेवढी उरली आहे, आणि तिला आणखी उशीर करण्याचे कोणतेही समर्थन उरलेले नाही.