दैवाचा क्रम पाचवा

आम्हां वऱ्हाडकरांना समुद्राची ओळख प्रथम होते ती कीर्तनात. अकोला-अमरावतीकडचा शेतकरी पूर्णेच्या पुराहून मोठे पाणी आयुष्यात न पाहताही भवसागर, नौका आणि पैलतीर या शब्दांशी लहानपणापासून सरावलेला असतो. आणि या रूपकाची पकड आमच्या मनावर इतकी घट्ट बसलेली आहे की नौका म्हणजे आपण निश्चिंत बसून राहण्याची जागा आणि तारून नेण्याचा सारा भार दुसऱ्याच्या शिरावर, अशी समजूत नकळत रुजून जाते. प्रत्यक्ष समुद्रावर जाणाऱ्याचा अनुभव या समजुतीस मुळीच दुजोरा देत नाही. ज्याने आपली नौका स्वतः पारखली नाही, त्याने ती ईश्वरावर सोपवली असे म्हणता येईल काय? धर्मविचाराच्या दृष्टीने मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. त्यांची 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली आणि त्या बांधणीवर देखरेख दोंदे यांचीच होती. प्रवासाच्या वृत्तान्तात लाटा आणि वादळे यांचेच वर्णन अधिक होते. परंतु ज्या विद्येवर तो प्रवास उभा असतो ती विद्या किनाऱ्यावर, नौकेच्या पोटात ओणवे होऊन शिकावी लागते. कोणती नळी कोठून निघते, कोठे वळते, कोणत्या व्हॉल्व्हपाशी समुद्राचे पाणी अडवता येते, बॅटरीची कोणती तार कोणत्या दिव्याकडे जाते, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांच्या प्रत्येक जोडापाशी स्प्लिट पिन शाबूत आहे की नाही, हे सारे नकाशावर वाचून भागत नाही. त्या त्या ठिकाणी हात फिरवून, अंधारातही बोट बरोबर तेथेच जाईल इतके अंगवळणी पाडावे लागते.

या तपासणीत आमचे जुने प्रमाणशास्त्र जिवंत होऊन उभे राहते. बांधणाऱ्याचे सांगणे व त्याचे नकाशे हे शब्दप्रमाण. टाकीत पट्टी बुडवून तेल किती उरले ते पाहणे हे प्रत्यक्ष. आणि अनुमानाचे उदाहरण तर असे आहे की धूर व अग्नी यांच्या पाठ केलेल्या दृष्टान्ताहून ते मला अधिक प्रिय वाटते. नौकेच्या तळाशी थोडेसे पाणी साचलेले दिसते. ते आले कोठून? खलाशी त्यात बोट बुडवून जिभेला लावतो. पाणी गोडे लागले तर पिण्याची टाकी किंवा तिची नळी झिरपत आहे, म्हणजे पुढे तहानेची चिंता; खारट लागले तर समुद्र आत येत आहे, आणि मग पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो ती जागा, सुकाणूचा दांडा व तळाचे सगळे व्हॉल्व्ह एकामागून एक तपासल्यावाचून गत्यंतर नाही. जिभेवरच्या एका थेंबावरून संपूर्ण नौकेची कैफियत कळते.

यावर एक गंभीर आक्षेप येईल. गीतेने संशयात्म्याचा निषेध केलेला आहे. मग क्षणोक्षणी तपासत बसणारा हा मनुष्य श्रद्धाहीनच नव्हे काय? माझ्या मते, नव्हे. न्यायसूत्रांनी सांगितलेल्या सोळा पदार्थांत संशयाला स्थान आहे, तसेच निर्णयालाही आहे. ज्याचा संशय निर्णयापर्यंत पोचतच नाही तो संशयात्मा. तो काहीच तपासत नाही, फक्त मनातल्या मनात झुरत राहतो. याच्या उलट, जो पाण्यात बोट बुडवतो त्याचा संशय तेथेच मिटतो आणि तो निःशंकपणे शीड उभारतो. न तपासता बाळगलेला विश्वास हा पुष्कळदा आळसाचाच सभ्य वेष असतो, आणि त्या आळसाला भक्तीचे नाव देणे मला भक्तीचा अवमान वाटतो.

तथापि तपासणीने सारे साधते असेही नाही. भारतीय नौदलातील सहा स्त्री-अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली 'तारिणी'तून १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या. ती नौकाही दिवाडीचीच, आणि तयारीत कसूर नव्हती. तरीही परतीच्या अखेरच्या टप्प्यात, एप्रिल २०१८ मध्ये, सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात अनपेक्षित मुक्काम करावा लागला. दुरुस्ती होऊन २१ मे रोजी त्या गोव्यास पोचल्या. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. दैव त्या यादीतून वगळलेले नाही. पण पहिल्या चारांचा हिशेब चोख ठेवल्यावाचून पाचव्याचा हवाला देण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही, असाच मी त्या क्रमाचा अर्थ घेतो.

हा अर्थ वऱ्हाडला परका नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेले गाडगेबाबा गावात येत ते हातात खराटा घेऊनच. दिवसभर गल्ल्या आणि गटारे साफ होत आणि रात्री कीर्तन उभे राही; त्या कीर्तनातही ते श्रोत्यांना प्रश्नावर प्रश्न विचारून त्यांच्या समजुती एकेक करून पारखायला लावत. नामस्मरणाने घाण निघून जाईल असे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

म्हणून आमच्या कीर्तनकार मंडळींना माझी नम्र विनंती आहे: भवसागराचे रूपक आपण अवश्य सांगावे, पण ते सांगताना नौकेच्या तळाशी वाकून पाणी चाखणाऱ्या खलाशाचेही थोडे वर्णन करावे. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नाही त्या श्रोत्यांना त्याची गरज सर्वांत अधिक आहे.