बांध सोडून कढईपाशी

लंडनमधली चिनी हॉटेलं कोणी उभी केली, याचं उत्तर भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या कोंढ्यासारख्या गावातल्या माणसाला जितक्या चटकन कळेल तितकं मोठ्या शहरातल्या माणसाला कळणार नाही. ती धान पिकवणाऱ्यांनी उभी केली. धानाची शेती परवडेनाशी झाली म्हणून.

हाँगकाँग ब्रिटिशांच्या ताब्यात होतं तेव्हा त्याच्या उत्तरेकडच्या पट्ट्याला न्यू टेरिटरीज म्हणत. तिथली कितीतरी खेडी भातशेतीवर जगायची. दुसऱ्या महायुद्धानंतर थायलंडकडून स्वस्त तांदूळ येऊ लागला आणि गावच्या तांदळाला कोणी विचारेना. चीनमधून आलेले निर्वासित त्याच जमिनी खंडाने घेऊन भाजीपाला काढू लागले, त्यांचं बरं चाललं. धान लावणाऱ्यांचं नाही. सान तिन नावाच्या गावात सगळे मान आडनावाचे, एका कुळातले. खाडीकाठच्या मचूळ पाण्यात येणारा लाल तांदूळ हीच त्यांची शेती. जेम्स वॉटसन या मानववंशशास्त्रज्ञाने त्या गावात राहून अभ्यास केला. त्याचं पुस्तक 1975 मध्ये आलं. त्यात दिसतं ते असं, की गावातले बहुतेक कर्ते पुरुष लंडनच्या आणि युरोपातल्या दुसऱ्या शहरांच्या हॉटेलांत राबायला गेलेले. गावात उरलेली म्हातारी माणसं, बायका, लहान मुलं. आणि बाहेरून आलेल्या पैशावर उठलेली पक्की घरं.

ते वाचताना मला परक्या देशाचं वाचतोय असं एकदाही वाटलं नाही. पवनी तालुक्यात गोसेखुर्दचं एवढं मोठं धरण आहे, वैनगंगा आहे, जमीन धानाची आहे. तरी दिवाळीनंतर आधारभूत खरेदी केंद्र कधी उघडणार, बोनस मिळणार की नाही, मिळाला तर खात्यात कधी पडणार, यावर घराघराचं वर्ष ठरतं. पोरं नागपूरला जातात, पुण्याला जातात. जी जात नाहीत त्यांतली काही चायनीजचा ठेला लावतात.

मुलगी लंडनला नोकरीला असल्यामुळे तिच्याकडे राहण्याचा योग आला. जावयांना खाण्याची आवड आहे, त्यांनी मला हौसेनं फिरवलं. जेरार्ड स्ट्रीट हा तिथल्या चिनी वस्तीचा मुख्य रस्ता. लाल कमानी, काचेमागे आकड्यांना टांगलेली भाजलेली बदकं, दारात उभे राहून आत बोलावणारे वेटर. चिनी माणसं लंडनला प्रथम आली ती बोटींवरचे खलाशी म्हणून, आणि राहिली गोदीजवळच्या लाइमहाउस भागात. जेरार्ड स्ट्रीटची वस्ती नंतरची, बरीचशी या न्यू टेरिटरीजच्या शेतकऱ्यांची. 1962 मध्ये ब्रिटनने वसाहतींतून येणाऱ्यांवर कायद्याने बंधनं घातली, तेव्हा कामाचा परवाना असलेल्यालाच येता येऊ लागलं. मग ज्याचं हॉटेल आधीच चालू होतं तो आपल्या कुळातल्या पोरालाच बोलावून घेई. एका गावातून निघालेली माणसं एकाच रस्त्यावर सापडतात ती अशी.

जेवायला बसलं की मला ताटापेक्षा आजूबाजूची टेबलं बघायची सवय आहे. इंग्रज कुटुंबांच्या टेबलावर आंबटगोड सॉसमधलं डुकराचं मांस, तळलेले रोल, आणि समुद्री शेवाळ म्हणून येणारा एक कुरकुरीत हिरवा पदार्थ. हे शेवाळ म्हणजे पत्ताकोबीच्या जातीचा हिरवा पाला, बारीक चिरून तळलेला, वर साखर-मीठ भुरभुरवलेला. शेजारच्या टेबलावर चिनी कुटुंब बसलेलं: मधोमध वाफवलेला अख्खा मासा, एक हिरवी भाजी, सूप आणि प्रत्येकापुढे साध्या भाताची वाटी. भात कशातही परतलेला नाही. आपल्याकडे पंगतीत भातावर जसं लक्ष असतं तसंच त्या कुटुंबातल्या आजीचं होतं. नातवाची वाटी रिकामी झाली की तिचा हात पुढे यायचा.

दोन टेबलांवरचं जेवण एकाच भटारखान्यातून येतं. यात काही फसवणूक आहे असं मला वाटलं नाही. परक्या मुलखात पोट भरायला आलेल्या माणसाने आधी तिथल्या लोकांची जीभ ओळखली आणि त्यांना रुचेल ते शिजवलं. स्वतःचं जेवण त्याने घरच्या माणसांसाठी जपून ठेवलं. हॉलंडमध्ये चिनी हॉटेलांनी इंडोनेशियाचे पदार्थ आपल्या यादीत घेतले, कारण तिथल्या लोकांना जुन्या वसाहतीतली ती चव ठाऊक होती. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी मुंबईत 1975 मध्ये, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत असताना, वेगळं काहीतरी मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आलं-लसूण-हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं आणि चिकन मंचुरियन केलं, असं ते सांगत. तीही तीच रीत.

नंतरच्या वर्षांत चीनच्या आतल्या प्रांतांतली माणसं लंडनला आली आणि त्यांनी आपल्या गावचं जसंच्या तसं वाढायला सुरुवात केली. सिचुआनची एक भाजी खाल्ली तेव्हा ओठ आणि जीभ हलकेच बधिर झाली. ती करामत तिथल्या मिऱ्याची. कोकणात बांगड्याच्या आमटीत तिरफळं घालतात, त्याच कुळातलं ते झाड. सिचुआनचंच नाव लावणाऱ्या आपल्या शेजवान चटणीत लाल मिरची आणि लसूण भरपूर असतो, पण हे मिरं नसतं. आणि मालवणच्या रांधणीत, जिथे चीनचं नावही कोणी घेत नाही, तिथे त्याचा भाऊबंद पिढ्यान् पिढ्या आहे. मला ही गोष्ट फार आवडली. चवींचे रस्ते नकाशावर आखता येत नाहीत.

पण ज्या जेवणाने मी खरा हललो ते आर्सेनलच्या फुटबॉल मैदानाजवळच्या शिआन इम्प्रेशन नावाच्या लहानशा हॉटेलातलं. शिआन हे शान्शी प्रांताचं मुख्य शहर. तो गव्हाचा मुलूख, भाताचा नाही. तिथल्या रुंद शेवया हाताने ओढतात. कणकेची तेल लावून मुरवलेली पट्टी दोन्ही टोकांनी धरायची, हात फाकवायचे, मधला भाग ओट्यावर आपटायचा, पुन्हा ओढायचा, आणि पट्टी कमरपट्ट्याएवढी रुंद आणि हातभर लांब झाली की मधून फाडून उकळत्या पाण्यात सोडायची. वाडग्यात शेवयांवर लाल तिखट आणि चिरलेला लसूण ठेवतात आणि कडकडीत तेल वरून ओततात. चर्र आवाज होतो, ठसका उठतो. आमच्याकडे लग्नाकार्यात लांब पोळ्या करणाऱ्या बाया सैल कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवतात आणि उपड्या मडक्यावर टाकतात. त्यांच्या मनगटाला जो झोल असतो तोच झोल या शेवयांमागे असावा लागतो.

तो वाडगा पुढ्यात असताना मला तिरोडीचे वांग छी आठवले.

तुमसर रोडहून रेल्वेचा एक फाटा तिरोडीला जातो. आमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की लगेच मध्य प्रदेशातलं बालाघाट लागतं, त्यातलं हे मँगनीजच्या खाणींचं गाव. वांग छी चिनी सैन्यात मोजणीदार होते. 1963 च्या जानेवारीत सीमेवर वाट चुकले, रेडक्रॉसची गाडी दिसली म्हणून मदत मागितली आणि भारतीय सैन्याच्या हाती लागले, अशी त्यांची हकीकत. काही वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत गेली. 1969 मध्ये सुटका झाली आणि त्यांना तिरोडीला आणून सोडलं. ते पिठाच्या गिरणीत कामाला लागले. गावाने त्यांचं नाव राज बहादूर ठेवलं. 1975 मध्ये तिथल्याच मुलीशी लग्न झालं, मुलं झाली. पण मायदेशी जायचे कागद मिळेनात. तिकडे आई 2006 मध्ये वारली. 2017 च्या फेब्रुवारीत, 54 वर्षांनी, ते घरी पोहोचले. घर कुठे, तर शान्शी प्रांतात. शेवया ओढणाऱ्या मुलखातला माणूस आमच्या शेजारी दुसऱ्यांचे गहू दळत राहिला.

1938 मध्ये सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर वैद्यकीय पथकातून चीनला गेले होते. कोटणिसांची समाधी आणि पुतळा तिथे आजही सांभाळला जातो, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच अभिमानाने वांग छींची गोष्टही आपल्या शाळांत सांगितली जावी, असं मला मनापासून वाटतं. ती आपल्या जवळची आहे.

आणि ती एकट्याची नाही. भारतात चिनी वस्तीची सुरुवात अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळ झाली. तोंग अछिव नावाच्या माणसाने वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढला; त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. पुढे हक्का चिनी लोकांनी टांग्रा भागात कातडी कमावण्याचे कारखाने चालवले. तिथेच नंतर हॉटेलं वाढली. मुंबईत माझगावला चिनी वस्ती होती, तिचं छोटं देऊळ अजून आहे. 1962 च्या युद्धात भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना घरातून उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. म्हातारे, बाळंतिणी, शाळकरी पोरं. काहींची सुटका व्हायला 1967 उजाडलं. परतल्यावर कोणाचं दुकान लिलावात गेलेलं, कोणाच्या घरात दुसरंच बिऱ्हाड. पुष्कळ जण कॅनडाला निघून गेले. आज टोरांटोत त्यांची हॉटेलं आहेत आणि तिथे भारतीय गिऱ्हाइकं चिली चिकन खायला रांग लावतात. ज्यांना आपण नकोसं केलं त्यांनी आपल्यासाठी शिजवायचं थांबवलं नाही.

कोंढ्यात चायनीज आलं ते चिनी माणसांवाचून. बसथांब्याकडच्या रस्त्यावर संध्याकाळी ठेला लागतो. चालवणारा पोरगा माझा जुना विद्यार्थी, घरची थोडी धानाची शेती. त्याचं काम मी पुष्कळदा उभं राहून पाहिलं आहे. भट्टीचा आवाज इतका की बोलणं ऐकू येत नाही. कढई तापून धूर सुटला की तेल, लगोलग लसूण, मग पत्ताकोबी आणि गाजराची मूठ. भाज्या शिजू द्यायच्या नाहीत, नुसत्या चटकवायच्या. भात टाकला की झाऱ्याने ढेकळं फोडत कढई झटकायची. दाणा हवेत उडून परत कढईतच आला पाहिजे. शेवटी कडेने सोया सॉस आणि व्हिनेगर सोडायचं, म्हणजे ते कढईच्या तापलेल्या अंगावर जळून मगच भातात येतं. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. हाफ प्लेट तयार व्हायला एक गाणं वाजून संपायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही.

“भात सकाळीच शिजवतो जी सर,” त्याने मला एकदा सांगितलं. “परातीत पसरवून पंख्याखाली ठेवतो. गरम भात टाकला तं लगदा होते.”

लंडनच्या भटारखान्यातही परतायचा भात आधी शिजवून गार करतात. ही युक्ती त्याला कोणी शिकवली नाही, असं तो म्हणतो. धानाच्या घरात वाढलेल्या पोराला दाण्याचा स्वभाव माहीत असतो. कोणता तांदूळ चिकट होतो, कोणता सुटा राहतो, नवा किती पाणी घेतो आणि जुना किती, हे त्याने आईच्या चुलीपाशी पाहिलेलं असतं. सान तिनच्या पोरांकडे लंडनला जाताना एवढंच भांडवल होतं.

2020 च्या जूनमध्ये गलवानला आपले जवान शहीद झाले, तेव्हा केंद्रातल्या एका मंत्र्यांनीही चिनी खाण्यावर आणि ते विकणाऱ्या हॉटेलांवर बहिष्कार घालायला सांगितलं. संताप मला समजतो. तो माझ्याही मनात होता. पण त्या ठेल्यावर तांदूळ आमच्या गिरणीतला, कोबी भंडाऱ्याच्या बाजारातली, हात आमच्या पोराचे. बहिष्काराचा घाव यांतल्या कोणावर पडावा असं मला कधीच वाटलं नाही. 1962 मध्येही घाव असाच भलत्या माणसांवर पडला होता.

लंडनहून परतल्यावर मी त्याला त्या हाताने ओढलेल्या शेवयांचं वर्णन करून सांगितलं. भट्टी बारीक करून त्याने सगळं ऐकलं. कणीक किती सैल, तेल केव्हा, किती वेळ मुरवायची, गहू कोणता, असं बारीकसारीक विचारलं. त्याची आई गावातल्या लग्नांत लांब पोळ्या करायला जाते, हे मला माहीत होतं. तिचं नाव मी काढलं.

“विचारतो तिले,” तो म्हणाला. “कणीक भिजवून देईन ते. पण ठेल्यावर काही उभी राह्यची नाही, हे आत्ताच सांगतो तुम्हाले.”