नाव ठरत नाही म्हणे!

दसऱ्याला विचारलं, तेव्हा नाव ठरत नव्हतं. दिवाळीला विचारलं, तेव्हाही नाही. आता पाडवा होऊन गेला, तरी घोंगडं भिजतच पडलंय. आणि वर मलाच विचारतेस, "सर, डॉट कॉम बरं की डॉट इन?" अगं, पोराचं नावसुद्धा बाराव्या दिवशी ठेवून मोकळे होतात लोक. तुझ्या एका वेबसाइटचं बारसं कुठल्या मुहूर्तावर अडलंय?

तुझी ती वही मी पाहिली आहे. पानंच्या पानं नावं. 'वास्तुस्पंदन'. 'मातीचा हुंकार'. 'हेरिटेज व्हिस्पर्स'. प्रत्येकासमोर शेरा: 'गेलंय', 'जड वाटतं', 'आईला आवडलं'. अक्षर सुरेख, समासही सोडलेला. चुन्याच्या मिश्रणाच्या नोंदी तू इतक्याच नीट ठेवतेस, म्हणून मला तुझं कौतुक वाटायचं. आता तीच शिस्त काम टाळायला वापरतेस. आणि एवढ्या नावांत एक नाव कुठेच नाही. तुझं स्वतःचं. ते का नाही, सांगशील?

"माझ्या नावाने कोण शोधणार, सर?" हे तुझं ठरलेलं उत्तर. मग ऐक. ज्यांच्या वाड्याची भिंत तू पाडू दिली नाहीस, ते आपल्या साडूला काय सांगतात? "मातीचा हुंकारला फोन लाव" असं सांगतात? ते तुझं नाव सांगतात. आडनावासकट. साडू घरी जातो, मोबाइल काढतो, तेच नाव टाकतो. त्याला काय दिसतं? तुझ्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा फोटो आणि कुठल्याशा मॅरेथॉनच्या निकालाची यादी. तुझं एकही काम नाही. मग तो दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो, आणि तो दुसरा वाड्याला सिमेंटचा गिलावा मारून जातो. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढलं की ओल आत कोंडते, भिंत फुगते, हे मी तुला नव्याने शिकवायला हवं का? तुझ्या चालढकलीची किंमत कोण मोजतं, ते बघ जरा.

बरं, नावात 'वाडा' घातलास, नाहीतर 'हेरिटेज' घातलंस, तर पुढे काय? आज वाडे करतेस. उद्या घाट करशील, देवळाचं शिखर करशील, शिकवशील, पुस्तक लिहिशील. त्या वेळी नावातला वाडा उपटून काढणार आहेस? कामाचं नाव काम बदललं की अपुरं पडतं. माणसाचं नाव माणसाबरोबर चालतं. एवढी साधी गोष्ट तुला कळत नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही. तुला कळते. तू घाबरतेस. 'मातीचा हुंकार'च्या मागे लपता येतं. स्वतःच्या नावाखाली फोटो लावले आणि काम कच्चं निघालं, तर बोट थेट तुझ्याकडे. हेच ना? मग दाखवू दे की बोट. तुझं काम कच्चं नसतं. मला माहीत आहे, आणि तुलाही.

"नाव आधीच कुणीतरी घेतलंय." असेल. तुझ्या नावाच्या चार जणी चार गावांत असणारच. इथे नियम एकच: जो आधी येईल त्याचं. अमेरिकेत उझी निसान नावाच्या माणसाने १९९४ मध्ये निसान डॉट कॉम नोंदवलं. त्याचं आडनावच ते. १९९९ मध्ये निसान मोटर कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. वर्षानुवर्षं खटला चालला, पण २०२० मध्ये तो वारला तोपर्यंत नाव त्याच्याकडेच होतं. एवढी बलाढ्य कंपनी, पण उशिरा आली. आणि तू? दसऱ्याला मीच तुझ्यासमोर तपासलं होतं. तुझं नाव मोकळं होतं. "विचार करते" म्हणालीस. आता कुणाला दोष देतेस?

गेलं तर गेलं. आपल्याकडे मध्ये वडिलांचं नाव असतं ते कशासाठी? पु. ल., जी. ए., ना. धों. म्हटलं की मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. तूही वडिलांच्या नावाचं आद्याक्षर घाल. नाहीतर नावापुढे 'आर्किटेक्ट' जोड. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी आहे ना तुझी? मग तो शब्द तुझ्या हक्काचा आहे. पण जन्मसाल चिकटवू नकोस, दोन-दोन डॅश घालू नकोस, आणि मधले स्वर गाळून चांगल्या नावाची मोडतोड करू नकोस.

"लग्नानंतर आडनाव बदललं, कुठलं घालू?" हा मात्र बहाणा नाही. हा प्रश्न खरा आहे, आणि पुरुषांना तो कधी पडत नाही, म्हणून त्यांना तो किरकोळ वाटतो. पदवी माहेरच्या नावाची. कौन्सिलची नोंदणीही त्याच नावाची. आधार कार्ड सासरच्या नावाचं. पण मला सांग, गवंडी तुला कुठल्या नावाने ओळखतात? चुन्यावरचा तुझा लेख कुठल्या नावाने छापून आला? ज्या नावाने काम झालं, त्याच नावाने साइट. सासरच्यांना वाईट वाटेल म्हणतेस. त्यांना विचारलंस? की तेही मनातल्या मनात ठरवून टाकलंस? अगदीच जीव अडकत असेल तर दोन्ही नावं घे आणि एक दुसऱ्याकडे वळव. वर्षाला हॉटेलातल्या एका जेवणाचे पैसे जास्त जातील. तेवढ्यासाठी सहा महिने घालवायचे नसतात.

आता स्पेलिंग. तुझ्या नावात 'ज्ञ' आहे. आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदी भाषक जी-वाय लिहितो, गुजराती माणूस जी-एन लिहितो. मान्य, घोळ आहे. मग छापील लेखावर आणि पासपोर्टावर जे आहे तेच घे, आणि फोनवर कुणाला तरी सांगून बघ. एकदा सांगून समोरच्याला लिहिता आलं, तर पास. त्या दिवशी वाड्यावर मी तुझ्या शेजारीच उभा होतो. मालक ईमेल मागत होते. "अंडरस्कोर... नाही काका, डॅश नाही, खालची रेघ... मग झीरो, ओ नाही, शून्य..." काकांनी चुन्याची पावती उलटी केली, तिच्यावर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मेल आला? नाही. आणि तू म्हणालीस, "लोकांना आस्थाच नसते." आस्था होती म्हणून तर तो म्हातारा माणूस उन्हात उभा राहून तुझं शून्य लिहीत होता! डोमेनच्या नावात ६३ अक्षरं बसतात. बसतात म्हणून भरायची नसतात. कॅपिटल-स्मॉलचा तिथे काही फरक पडत नाही, तेव्हा मधली अक्षरं मोठी केली की लांबलचक नाव सोपं होईल, हाही भ्रम सोड.

डॉट कॉम मिळालं तर डॉट कॉम. नाही तर डॉट इन. संपलं. २००५ पासून डॉट इन सगळ्यांना खुलं आहे, तुझी सगळी कामं याच देशात आहेत, मग कमीपणा कसला? तुला ते डॉट आयओ हवं, कारण कुणीतरी सांगितलं की ते झकास दिसतं. ते कुणाचं आहे, चौकशी केलीस? ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरीचं, म्हणजे चागोस बेटांचं. ती बेटं मॉरिशसकडे सोपवायच्या करारावर ब्रिटनने २०२५ मध्ये सही केली. नकाशावरून देश गेला की त्याच्या डोमेनचेही बारा वाजू शकतात. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू २०१० मध्ये बंद झालं. तुझा पत्ता असल्या राजकारणावर टांगायची काय गरज? देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. जरूर घे, मला आनंदच होईल. पण जोडीला घे. कित्येक फॉर्म तसला ईमेल अजून स्वीकारत नाहीत.

"इन्स्टाग्राम आहे की, सर." ऑर्कुटही होतं. २०१४ मध्ये बंद पडलं. त्याआधी जिओसिटीज होतं, ते २००९ मध्ये गेलं. मालकाने उठ म्हटलं की उठायचं, अशा जागी आयुष्याचं काम ठेवतेस?

आणि जे ऐकून मला खरोखर राग आला, ते आता बोलतो. "दिराचा मित्र घेऊन देतो म्हणालाय, त्याच्याच अकाउंटवरून." जुन्या वाड्याची कागदपत्रं पाहिल्याशिवाय तू कामाला हात लावत नाहीस. आणि स्वतःचं नाव परक्याच्या अकाउंटवर? मुलगा चांगला आहे, मान्य. उद्या तो परदेशी जाईल, नंबर बदलेल. रिन्यू करायची सूचना त्याच्या मेलवर येईल आणि तशीच पडून राहील. मुदत टळली की साइट बंद, ईमेलही बंद. डॉट कॉमचं असं असतं: आधी थोडे दिवस सवलतीचे, मग ३० दिवस जबर दंड भरून सोडवून घ्यायचे, मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि त्यानंतर ते पुन्हा सगळ्यांना खुलं. आयत्या बिळावर नागोबा टपलेलेच असतात. मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी १९९९ च्या नाताळात पासपोर्ट डॉट कॉमची फी भरायला विसरली, आणि लोकांना हॉटमेलमध्ये शिरता येईना. शेवटी मायकेल चेनी नावाच्या एका लिनक्स प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातले ३५ डॉलर भरले. तुझ्यासाठी कोण भरणार आहे? दिराचा मित्र?

तेव्हा अकाउंट तुझं. पैसे तुझ्या कार्डावरून. नोंदणीला दिलेला मेल तुझा, पण त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की धोक्याची सूचनाही त्यातच अडकते. कॉलेजचा जुना मेल तर अजिबात नको. पहिल्या वर्षाच्या स्वस्ताईला भुलू नकोस, दुसऱ्या वर्षाचा दर वाच. एका वेळी दहा वर्षांपर्यंतचे पैसे भरता येतात. तू विसराळू आहेस, निदान पाच वर्षांचे भर. ऑटो-रिन्यू चालू कर आणि पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेव.

आज रात्री जेवण झालं की बस. ती वही उघडायची नाही. उद्या सकाळी मला नावं सुचवायची नाहीत, पत्ता कळवायचा. पहिल्या पानावर तू दुरुस्त केलेल्या एखाद्या पडवीचे आधीचे आणि नंतरचे फोटो टाक. मिश्रण लपवू नकोस: चुना किती, वाळू किती, सुरखी किती, गुळाचं पाणी कधी घातलं, सगळं लिही. "डिझाइन अजून पक्कं नाही" हे मी ऐकून घेणार नाही. आणि फोन नंबर टाक. चालू असलेला.